नववीतलं एलडीचं मूल: प्रमाणपत्राच्या आधी आणि नंतर शाळेने काय करायचं

तोंडी विचारलं तर उत्तर बरोबर येतं, पेपरात मात्र ४० पैकी ७. फळ्यावरचं उतरवताना चार ओळींनंतर पेन थांबतं. मराठीच्या तासाला वाचायला उभं केलं की नेमकं पोट दुखतं. माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या जवळपास प्रत्येकाने असं मूल पाहिलेलं असतं, आणि शिक्षकखोलीत त्याच्याबद्दल बहुधा एवढंच बोललं जातं: ‘हुशार आहे, पण कष्ट नकोत.’ अशा मुलांपैकी काहींना विशिष्ट अध्ययन अक्षमता असते. शाळेच्या बोलीत एलडी. बुद्धी चांगली असते. वाचन, लेखन किंवा अंक हाताळणं यांपैकी एक किंवा अधिक गोष्टी मेंदूला वेगळ्या आणि जास्त कष्टाच्या वाटेने कराव्या लागतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात या अक्षमतेचा स्वतंत्र उल्लेख आहे. मुलाच्या गरजेप्रमाणे अभ्यासक्रमात आणि परीक्षेत बदल करा, जादा वेळ द्या, लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहिणारा) द्या, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्या, हे याच कायद्याच्या कलम १७ मध्ये लिहिलेलं आहे. महाराष्ट्रात तर शालान्त परीक्षेच्या सवलती १९९६ पासून आहेत. तरीही दरवर्षी दहावीच्या जानेवारीत ‘आता काही करता येईल का?’ असं विचारणारे पालक शाळेत येतात. त्या वेळी करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. हे काम आठवीच्या जूनमध्ये सुरू करायचं आहे.

अडचण माध्यमिकमध्येच इतकी उघडी का पडते, हे समजून घेणं गरजेचं आहे. प्राथमिकला एकच वर्गशिक्षक असतो, धडे लहान असतात, आणि स्मरणशक्ती चांगली असलेलं मूल पाठ करून निभावून नेतं. आठवी-नववीत विषयागणिक शिक्षक बदलतात. प्रत्येकाला ते मूल ३५-४० मिनिटंच दिसतं, म्हणून पूर्ण चित्र कोणाच्याच हातात नसतं. मजकूर दुपटीने वाढतो, पाठांतर पुरेनासं होतं. त्यात सेमी-इंग्रजी असेल तर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. ज्याला मराठीच अडखळत वाचावं लागतं, त्याच्यावर हे ओझं अचानक दुप्पट होतं.

देवनागरीत ही अडचण कशी दिसते

एलडीबद्दलची बरीच माहिती इंग्रजीवरून आलेली आहे: बी आणि डी उलटे लिहिणं वगैरे. मराठी माध्यमाच्या शाळेत ती तशीच शोधायला गेलं तर मूल हातातून निसटतं. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंच सरळ आहे. त्यामुळे नववीत पोचेपर्यंत अनेक मुलं शब्द *बरोबर* वाचायला शिकलेली असतात, पण फार *सावकाश*. एकेक अक्षर जुळवत ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. इंग्रजीत तेवढीही सोय नाही, म्हणून तिथे अडचण धडधडीत दिसते आणि ‘याचं इंग्रजी कच्चं आहे’ असा शिक्का बसतो. मूळ दुखणं दोन्ही भाषांत एकच असतं. मराठीत फक्त वेग बघावा लागतो.

मराठी वहीत नेमक्या काही जागी चुका साचतात. पहिली जागा र. त्याची रूपं बघा: सूर्य, चक्र, राष्ट्र, सुऱ्या. ‘कर्म’ म्हणताना र आधी उच्चारतो, पण रफार काढायचा तो म च्या डोक्यावर. ‘क्रम’ आणि ‘कर्म’ यांची अदलाबदल हा निष्काळजीपणा नव्हे, ध्वनीचा क्रम आणि खुणेची जागा यांची सांगड न बसणं आहे. पहिल्या वेलांटीचंही तसंच: ‘कि’मध्ये उच्चार क चा आधी होतो, वेलांटी मात्र अक्षराच्या आधी बसते. भ-म, ध-घ, थ-य, ब-व यांची गल्लत होते; ‘ख’चा ‘रव’ होतो. जोडाक्षर एकतर सुटतं (‘विद्यार्थी’चा ‘विदयाथी’) किंवा नको तिथे जुळतं. अशा चुका पहिली-दुसरीत सगळेच करतात. नववीतही त्या टिकून असतील, आणि एकाच पानावर तोच शब्द तीन वेगळ्या प्रकारे लिहिलेला असेल, तर तो लक्ष देण्याजोगा पुरावा आहे.

अंकांचं आणखी वेगळं. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी कानावर पडतात, लिहायचे मात्र सहा आधी. म्हणून ६३ चे ३६ होतात. ‘एकोणसाठ’ या शब्दात तर ५ ही ऐकू येत नाही आणि ९ ही नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ या धर्तीची मांडणी आली तेव्हा मोठा वाद झाला. भाषेचं काय व्हायचं ते होवो, गणन अक्षमता, म्हणजे अंक हाताळण्यातली एलडी, असलेल्या मुलाला संख्या सांगताना ‘साठ आणि तीन’ असं म्हणणं खरोखर उपयोगी पडतं, आणि नववीच्या वर्गातही ते करायला काही हरकत नाही.

शाळेतच करता येईल अशी दोन तासांची चाचपणी

निदान करणं शिक्षकाचं काम नव्हे, पण ‘पुढे तपासायला पाठवावं का’ हे शाळेत ठरवता येतं. सातवीच्या पुस्तकातला, मुलाने अलीकडे न वाचलेला उतारा घ्या. एकट्याला बसवून एक मिनिट मोठ्याने वाचायला सांगा. बरोबर वाचलेले शब्द मोजा, चुका कोणत्या ते लिहा. मग दहा साध्या वाक्यांचं श्रुतलेखन. शेवटी विज्ञानाच्या शिकवून झालेल्या धड्यावर पाच प्रश्न: आधी लिहून, नंतर तेच तोंडी. याच तीन गोष्टी त्याच वर्गातल्या पाच सर्वसाधारण मुलांकडून करून घ्या. तुलना नसेल तर आकड्याला अर्थ नाही. वाचनाचा वेग या मुलांच्या निम्म्याच्या आसपास, लेखनात वर सांगितलेल्या चुका, आणि तोंडी उत्तरं मात्र इतरांच्या तोडीची, असं चित्र आलं तर पुढे पाठवा. तोंडी आणि लेखी यांतली दरी ही सगळ्यात बोलकी खूण आहे.

पाठवण्याआधी साधी कारणं बाजूला काढावीत. नजर आणि कान आधी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी या मुलाला गैरहजर राहू देऊ नका. ऊसतोडीला आईवडिलांबरोबर जाऊन दरवर्षी चार-पाच महिने शाळा बुडालेली असेल, किंवा घरची भाषा कोरकू, भिली, गोरमाटी असेल, तर वाचन मागे असण्याचं कारण शिकवणं न मिळणं हेही असू शकतं. अशा मुलाला तीन-चार महिने नीट, नियमित वाचन शिकवा आणि पुन्हा तपासा. शिकवणी मिळताच जो भराभर पुढे सरकतो, त्याची अडचण वेगळी होती. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ हे ॲपही पहिल्या चाळणीसाठी आहे. त्याचा निकाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

प्रमाणपत्राची वाट

तपासणी एका भेटीत होत नाही. बालरोगतज्ज्ञ, डोळे-कान, मानसशास्त्रज्ञाकडून बुद्ध्यंक चाचणी आणि विशेष शिक्षकाकडून शैक्षणिक चाचणी असे टप्पे असतात. मुंबईत महापालिकेच्या शीव रुग्णालयात यासाठी वेगळं केंद्र आहे. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी चौकशी करावी, कारण सगळे तज्ज्ञ सगळीकडे नसतात. अर्ज दिव्यांगांच्या यूडीआयडी ओळखपत्रासाठीच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा. रांग मोठी असते, महिने जातात. सोबत नेण्याच्या कागदांत आधार आणि फोटो यांच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे मागच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका, मुलाच्या न सुधारलेल्या वह्या आणि शाळेचं पत्र. या पत्रात ‘अभ्यासात मागे आहे’ एवढंच लिहिलं तर त्याचा काही उपयोग नाही. वर सांगितलेल्या चाचपणीचे आकडे, चुकांचे नमुने आणि शाळेने आतापर्यंत काय करून पाहिलं ते लिहा. शनिवारी धुऊन-पुसून नवी वही भरून पाठवणारे पालक असतात; त्यांना आधीच सांगा की तपासणाऱ्याला खरी वही हवी आहे.

इथे एक सापळा आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रमाणपत्र वयाच्या ८ वर्षांनंतर मिळतं, १४ व्या वर्षी पुन्हा तपासणी लागते आणि १८ व्या वर्षी आणखी एकदा. या सूचनांच्या जागी २०२४ मध्ये नव्या सूचना आल्या, म्हणून आताचा नियम रुग्णालयात विचारून घ्या. चौथीत किंवा सातवीत काढलेलं प्रमाणपत्र कपाटात जपून ठेवलेलं असतं आणि ते दहावीला चालेल असं घर आणि शाळा दोघंही धरून चालतात. १४ पूर्ण होणं म्हणजे साधारण नववी. म्हणून नववीच्या प्रवेशाच्या वेळी जुन्या प्रमाणपत्राची तारीख आणि मुलाची जन्मतारीख शेजारी ठेवून बघणं, हे कारकुनाचं नव्हे, वर्गशिक्षकाचं काम समजावं.

दुसरी अडचण अधिक कठीण आहे. २०१८ च्या सूचनांप्रमाणे बुद्ध्यंक ८५ च्या वर असेल तरच पुढची एलडीची चाचणी होते. ७० ते ८५ च्या मधली मुलं ना बौद्धिक अक्षमतेत बसतात, ना एलडीत. वर्गात सगळ्यात जास्त मार हीच मुलं खातात, गुणांचाही आणि बोलण्याचाही. त्यांना प्रमाणपत्र मिळणार नाही, पण पुढच्या भागात वर्गासाठी जे सांगितलं आहे त्यातल्या एकाही गोष्टीला प्रमाणपत्र लागत नाही.

पालकांशी बोलताना ‘दिव्यांग’ हा शब्द आडवा येतो. मुलीच्या बाबतीत तर ‘पुढे लग्नाचं काय?’ हा प्रश्न तिसऱ्या वाक्याला येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलीला काय चांगलं येतं इथून सुरुवात करा, तिची तोंडी उत्तरं आणि तिची वही दोन्ही समोर ठेवा. प्रमाणपत्र पालकांच्याच ताब्यात राहतं आणि जिथे सवलत मागायची तिथेच दाखवायचं, हे स्पष्ट सांगा. आईच्या आणि वडिलांच्या भेटी वेगवेगळ्या घेऊ नका. एकट्या आईला सांगितलं की घरी दोषही तिच्याच माथी येतो.

वर्गात रोज काय बदलायचं

फळ्यावरून उतरवणं हा या मुलांचा सगळ्यात जास्त वेळ खाणारा आणि सगळ्यात कमी शिकवणारा उद्योग आहे. डोकं वर, दोन अक्षरं, डोकं खाली, जागा हरवली, पुन्हा वर. तेवढ्यात फळा पुसला जातो. शेजारच्या चांगल्या अक्षराच्या मुलीच्या वहीत कार्बन पेपर ठेवला की तासाच्या शेवटी दुसरी प्रत तयार असते. नाहीतर फळ्याचा फोटो शिक्षकाने पालकांना पाठवावा. मुलाने त्या वेळात ऐकावं आणि फक्त मथळे लिहावेत.

अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावणं बंद. वाचायचंच असेल तर आदल्या दिवशी परिच्छेद ठरवून द्या, घरून तयारी करून येईल. गृहपाठात काठिण्य तेच ठेवून संख्या कमी करा: दहा उदाहरणांऐवजी चार, पण त्यात प्रत्येक प्रकारचं एक. सोपी उदाहरणं देऊन संख्या दहाच ठेवली तर मूल थकतंही आणि शिकतही नाही. इतिहास-भूगोल-विज्ञानात गुण आशयाला द्या. शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या रंगाने दाखवा, आणि एका वेळी एकाच प्रकारच्या. पान लाल करून परत दिलेली वही मूल उघडत नाही.

विज्ञानाची मराठी परिभाषा भीतीदायक लांब दिसते, पण ती फोडता येते आणि फोडली की अर्थही हाती लागतो. ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणजे प्रकाश + संश्लेषण. ‘अभिकेंद्री’, ‘बहिर्वक्र’, ‘गुणसूत्र’ यांचंही तसंच. धडा सुरू करण्याआधी त्यातले सहा शब्द फळ्याच्या एका कडेला तुकडे पाडून लिहा, वर्गाकडून तीन वेळा म्हणवून घ्या आणि धडा संपेपर्यंत पुसू नका. पाच मिनिटं लागतात. याचा फायदा पन्नास मुलांच्या वर्गात एकट्या एलडीच्या मुलाला होत नाही, निम्म्या वर्गाला होतो.

गणितात चौकटीची वही द्या, एका चौकोनात एकच अंक; हातच्याच्या आणि दशांशचिन्हाच्या बऱ्याच चुका तेवढ्याने कमी होतात. पाढ्यांचा आणि सूत्रांचा तक्ता बाकावर राहू द्या. ज्याला सोळा सत्ते येत नाही त्याला समीकरण सोडवण्याची रीत येऊ शकते. पाढ्यासाठी रीत अडवून ठेवणं हा अन्याय आहे. सेमी-इंग्रजी झेपत नसेल तर तुकडी बदलण्याचा निर्णय आठवीतच घ्या. नववीच्या मध्यात परिभाषा बदलली तर दोन्हीकडून नुकसान होतं.

चाचणीच्या कागदाचं रूप सुद्धा महत्त्वाचं. अक्षराचा आकार १४, ओळींत मोकळी जागा, एक प्रश्न दोन पानांत तुटलेला नाही, ‘जोड्या लावा’ एकाच पानावर. धडे ऐकण्यासाठी पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवर जे मिळेल ते घ्या. त्याहून सोपं म्हणजे घरातल्या कोणीतरी धडा फोनवर सावकाश वाचून ठेवणं. मुलाने पुस्तक उघडं ठेवून, बोट फिरवत ऐकावं. नुसतं ऐकून आशय कळतो, वाचन मात्र सुधारत नाही.

आराखडा एका पानाचा, शिकवणी अर्ध्या तासाची

वैयक्तिक शिक्षण आराखडा बहुतेक शाळांत फाइलमध्ये असतो आणि तिथेच राहतो. कारण त्यात पंचवीस उद्दिष्टं असतात. तीन पुरेत, तीही मोजता येतील अशी. ‘वाचन सुधारणे’ हे उद्दिष्ट नाही. ‘आज सहावीचा अनोळखी उतारा मिनिटाला ४२ शब्द, ९ चुका, दिवाळीपर्यंत ५५ शब्द, ५ चुका’ हे उद्दिष्ट आहे. खाली प्रत्येक विषयशिक्षकाने काय करायचं याची एकेक ओळ. ही प्रत प्रत्येकाच्या दैनंदिनीत असावी, शिक्षकखोलीच्या फलकावर नव्हे. दर सहा आठवड्यांनी सगळे विषयशिक्षक पंधरा मिनिटं एकत्र बसतील अशी तारीख मुख्याध्यापकांनी वेळापत्रकातच घालावी. ‘सवडीने बसू’ म्हटलं की कोणी बसत नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात. ते रोज येऊ शकत नाहीत, पण आराखडा बसवायला आणि मधूनमधून तपासायला त्यांना बोलवा.

उपचारात्मक शिकवणी आठवड्यातून तीनदा, अर्धा तास, एका गटात जास्तीत जास्त चार मुलं. पाच मिनिटं ओळखीचे शब्द, दहा मिनिटं एकच नियम (हा आठवडा फक्त रफार), दहा मिनिटं साठ-सत्तर शब्दांचा एकच उतारा तीन वेळा मोठ्याने, प्रत्येक वेळचे सेकंद मुलानेच लिहायचे, आणि शेवटची पाच मिनिटं त्यातली तीन वाक्यं लिहिणं. मजकूर वयाला शोभेल असा हवा. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं की तो पुन्हा येत नाही. क्रिकेटचा धावफलक, एसटीचं वेळापत्रक, मोबाइलच्या रिचार्जची जाहिरात, सिनेमाचं परीक्षण यात सगळी जोडाक्षरं सापडतात. आणि ही शिकवणी खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला कधीच ठेवू नये. दिवसभरात त्याला जिथे ताठ मानेने उभं राहता येतं अशी तीच एक जागा असते.

दहावी: सवलत आणि तिची तालीम

प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. त्या वर्षीचं मंडळाचं परिपत्रक समोर ठेवूनच तो भरावा. एलडीसाठी मुख्य सवलती अशा: तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे भाषेच्या ३ तासांच्या पेपरला १ तास आणि गणित-विज्ञानाच्या २ तासांच्या पेपरला ४० मिनिटं, गरजेप्रमाणे लेखनिक, गणकयंत्र, उत्तीर्ण होण्यासाठी २० गुणांपर्यंत सवलत, भाषेतून सूट, आणि गणिताऐवजी खालच्या पातळीच्या अंकगणिताचा पर्याय. मिळते म्हणून प्रत्येक सवलत घ्यायची नसते. ज्याला पुढे पॉलिटेक्निक किंवा विज्ञान शाखा हवी आहे, त्याने गणित सोडलं तर ती वाट तिथेच बंद होते. हा निर्णय मुलाला समोर बसवून घ्या.

लेखनिक एक इयत्ता खालचा घ्यायचा असतो. त्याच्यावर भिस्त ठेवून मूल परीक्षेला जातं आणि पहिल्याच पेपरला गोंधळ उडतो, कारण बोलून लिहवून घेणं हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते कोणी शिकवलेलंच नसतं. नववीच्या घटक चाचणीपासून लेखनिक द्या. दोघांची निदान सहा सत्रं व्हावीत, प्रत्येकी अर्ध्या तासाची. लेखनिकाने प्रश्न दोनदा वाचायचा; मुलाने आधी ‘तीन मुद्दे’ म्हणून बोटांवर मोजायचे, मग पूर्ण वाक्यं सांगायची, ‘नवीन ओळ’, ‘अधोरेखित कर’ हेही सांगायचं, आणि शेवटी लिहिलेलं वाचून घ्यायचं. गणितात ‘दोन एक्स अधिक तीन, हे सगळं कंसात, भागिले पाच’ असं बोलायचा सराव वेगळा लागतो. आकृती शक्य तिथे मुलाने स्वतः काढावी. एक राखीव लेखनिकही तयार ठेवा. नववीतली मुलं ऐन मार्चमध्ये आजारी पडतात.

जादा वेळाचंही तसंच. ज्याचा हात अर्ध्या तासात दुखू लागतो त्याला चौथा तास म्हणजे शिक्षाच वाटते. पंचवीस मिनिटं लिहून दोन मिनिटं हात सोडायचा, ही सवय सहामाहीपासूनच लावा. सोबत चंचलता असलेलं मूल जादा वेळात बरोबर उत्तरं खोडून बसतं. त्याला राहिलेल्या वेळात नेमकं काय तपासायचं याची चार ओळींची यादी पाठ हवी.

केंद्र बहुधा दुसऱ्या शाळेत असतं. आठ दिवस आधी मुलाला आणि लेखनिकाला तिथे नेऊन बसण्याची खोली दाखवा, मंजुरीच्या पत्राची एक प्रत केंद्रसंचालकांना द्या आणि एक मुलाच्या कंपासपेटीत ठेवा. निकालानंतर अकरावीच्या प्रवेशासाठी मूळ प्रमाणपत्र लागेल, ते शाळेच्या फाइलीत अडकू देऊ नका. तिसरी तपासणी १८ पूर्ण झाल्यावर असते. त्या वयाचं प्रमाणपत्र कायमचं असतं आणि महाविद्यालयात दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के राखीव जागांसाठी ते दाखवावं लागतं. बारावीची परीक्षा आणि १८ वा वाढदिवस अनेकदा काही महिन्यांच्या अंतराने येतात, म्हणून रुग्णालयातली तारीख अकरावी संपतानाच विचारून ठेवा.